लिंबालीचं नाव आणि नकाशा: आधी पान पाहा, मग ठिपका टाका

प्रश्न थोडक्यात असा: मध्य आफ्रिकेच्या वर्षावनातल्या गिल्बर्टिओडेंड्रॉन डेवेव्रेई (व्यापारात लिंबाली) या शेंगधारी वृक्षाला जुन्या ग्रंथांत मॅक्रोलोबियम म्हटलंय, कुल सिसालपिनिएसी दिलंय, तर नव्या याद्यांत दोन्ही बदललंय. ऑनलाइन नोंदी उतरवून नकाशा केला तर काही ठिपके समुद्रात आणि काही थेट लायबेरियात पडतात. नाव कोणतं धरायचं आणि नकाशा कसा दुरुस्त करायचा?

हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे कुणीतरी कधीतरी एका फांदीला दिलेलं नाव असतं. ते नाव चुकलं असेल तर अक्षांश-रेखांश कितीही अचूक असोत, ठिपका खोटाच. म्हणून सुरुवात नावापासून करू.

या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ डे विल्डेमान यांनी १९०४ मध्ये केलं आणि त्याला मॅक्रोलोबियम या प्रजातीत ठेवलं. (प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, या अर्थानेच हे शब्द पुढे वापरतो, वर्तमानपत्रांत ते सर्रास उलटे वापरले जातात.) जातीचं नाव काँगोत नमुने गोळा करणाऱ्या आल्फ्रेड डेवेव्र यांच्यावरून आहे. मॅक्रोलोबियम ही मुळात दक्षिण अमेरिकेतली प्रजाती. आफ्रिकेतली बरीच झाडं साधारण सारखी दिसतात म्हणून तिच्यात कोंबली गेली होती. १९५२ मध्ये जे. लेओनार यांनी हा पसारा मोडला. अमेरिकन मॅक्रोलोबियमच्या फुलात एकच पाकळी नीट वाढलेली असते. आफ्रिकेतल्या या गटात पाकळ्या पाच, त्यांतली एक मोठी आणि चार लहान. त्यांनी या गटासाठी गिल्बर्टिओडेंड्रॉन ही नवी प्रजाती उभी केली आणि आपलं झाड तिच्यात हलवलं. बाकीची आफ्रिकन झाडं अँथोनोथा, पॅरामॅक्रोलोबियम वगैरे प्रजातींत गेली.

त्यामुळे आज लिहायचं नाव गिल्बर्टिओडेंड्रॉन डेवेव्रेई, आणि त्यापुढे कर्ते म्हणून कंसात डे विल्डेमान व कंसाबाहेर लेओनार. कंसातला माणूस मूळ वर्णन करणारा, बाहेरचा माणूस नव्या प्रजातीत हलवणारा. हा कंस गाळला तर चूक किरकोळ वाटते, पण यादीशी नावं जुळवणारी संगणकप्रणाली नेमकी तिथेच अडखळते आणि ती नोंद 'न जुळलेली' म्हणून बाजूला पडते.

आता कुलाचं. सिसालपिनिएसी हे स्वतंत्र कुल आता धरत नाहीत. २०१७ मध्ये शेंगधारी वनस्पतींच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने फॅबेसी (लेग्युमिनोसी हे त्याच कुलाचं तितकंच वैध नाव) या एकाच कुलाची सहा उपकुलं केली. आपलं झाड त्यांतल्या डेटारिऑइडी या उपकुलात येतं. २०१८ च्या पुढच्या मांडणीत या उपकुलाचे सहा गण (ट्राइब, म्हणजे उपकुल आणि प्रजाती यांमधली पायरी) पाडले गेले, त्यांतला अॅम्हर्स्टिई हा आपला गण. हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर आपल्याकडची झाडं डोळ्यांसमोर आणा. गुलमोहर, बहावा आणि नव्या मांडणीनुसार बाभूळसुद्धा सिसालपिनिऑइडी या उपकुलात आहेत, कांचन सर्सिडॉइडीत, पळस, पांगारा, करंज पॅपिलिऑनॉइडीत. डेटारिऑइडीत आपल्या ओळखीचे म्हणजे सीतेचा अशोक, खानदेशातला अंजन आणि चिंच. त्यातही चिंच थेट अॅम्हर्स्टिई गणातलीच, म्हणजे या आफ्रिकन वृक्षाची बऱ्यापैकी जवळची नातेवाईक. तीही मूळची आफ्रिकेतलीच. चिंचेचं ताजं फूल उघडून पाहा: परागकोश धरणारे पुंकेसर तीनच, बाकीचे खुरटलेले. गिल्बर्टिओडेंड्रॉनमध्येही पूर्ण वाढलेले पुंकेसर तीन आणि वांझ सहा. पाकळ्यांचा हिशेब मात्र वेगळा, चिंचेत तीन मोठ्या आणि दोन नावापुरत्या. आफ्रिकेतली हर्बेरियमची (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाची) शीटं, म्हणजे नमुना चिकटवलेले जाड कागद, पहिल्यांदा हाताळण्याआधी चिंचेची दहा-वीस फुलं भिंगाखाली सोडवून पाहावीत, हात तयार होतो.

गिल्बर्टिओडेंड्रॉनमध्ये आज तीसहून जास्त जाती धरल्या जातात. पेलेग्रिनिओडेंड्रॉन ही एकाच जातीची प्रजाती २०१४ मध्ये तिच्यात विलीन झाली. २०१५ मध्ये गिल्बर्टिओडेंड्रॉन ओगूएन्से या एका नावाखाली जमलेला जातींचा गुंता सोडवताना अनेक नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या, गॅबनमधली प्रचंड मोठी गिल्बर्टिओडेंड्रॉन मॅक्झिमम त्यांतलीच. तुमच्या कामावर याचा थेट परिणाम होतो: २०१५ च्या आधी ओळखपट्टी लागलेलं आणि त्यानंतर कुणी न पाहिलेलं या प्रजातीचं कोणतंही शीट 'तपासायचं बाकी' या गठ्ठ्यात टाका.

ओळख कशी पटवायची? पान संयुक्त आणि समदली, म्हणजे टोकाला एकटी पर्णिका नसते. लिंबालीत पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या, कधी दोन, कधी त्याहून जास्त. पर्णिका मोठ्या, चामड्यासारख्या, टोकाकडच्या जोडीतल्या ३० सेंमीपर्यंत जातात. पर्णिकेच्या खालच्या बाजूला कडेलगत लहान खळग्यांसारख्या ग्रंथी असतात. दहापट भिंग लागतं आणि प्रकाश तिरका पाडावा लागतो. शीटवर पान पालथं चिकटवलेलं नसेल तर या ग्रंथी दिसतच नाहीत, म्हणून चिकटवताना निदान एक पर्णिका उलटी ठेवायची असते. जातींमधला फरक ठरवताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ती उपपर्णं: पानाच्या देठाच्या बुडाशी असलेली, खाली कानासारखे पसरट भाग असलेली. त्यांचा आकार, लांबी, ती टिकतात की लवकर गळतात, हे पाहायचं. आणि नेमकी हीच उपपर्णं नमुना गोळा करताना तुटून जातात. जमिनीवर पडलेलं पान उचलून आणलं तर ती मिळणारच नाहीत. कळी दोन जाड छदिकांनी (फुलाखालच्या छोट्या पानांसारख्या भागांनी) शिंपल्यासारखी झाकलेली असते. शेंग चपटी, लाकडी, साधारण १५ ते ३० सेंमी लांब, पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने उठावदार शिरा.

ही सगळी लक्षणं एका शीटवर क्वचितच असतात. झाड ४० मीटरपर्यंत उंच, फुलोरा वर, त्यामुळे संग्राहक हाताला लागेल ते घेतो. फक्त पर्णिका असलेल्या वंध्य नमुन्यावर 'डेवेव्रेई' लिहिलेलं असेल तर ते नाव बरोबर असू शकतं, पण पुरावा म्हणून ते कमकुवतच.

स्वतः नमुना घ्यायची संधी मिळाली तर क्रम असा ठेवा. आधी कोवळ्या पर्णिकेचा तुकडा सिलिका जेलमध्ये, पानाच्या वजनाच्या दहापट जेल, हा डीएनएसाठी. मग निदान एक अख्खं पान, देठ, उपपर्णं आणि फांदीचा थोडा तुकडा यांसह. शीट ४२ बाय २८ सेंमीचं, पान त्याहून मोठं. म्हणून ते इंग्रजी झेड अक्षरासारखं दुमडायचं, कापायचं नाही. कापावंच लागलं तर एका बाजूच्या पर्णिका कापून त्यांचे देठ ठेवायचे, म्हणजे जोड्या मोजता येतात. दमट जंगलात त्याच दिवशी वाळवण शक्य नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून ६० ते ७० टक्के अल्कोहोल ओततात आणि पिशवी घट्ट बांधतात. मुक्कामी पोचल्यावर वाळवतात. याने बुरशी लागत नाही, पण रंग जातो आणि डीएनए खराब होतो, म्हणूनच सिलिकाचा तुकडा त्याआधी. फुलाचा रंग, सालीवर घाव घातल्यावरचा आतला रंग आणि छातीच्या उंचीवरचा (१.३ मीटर) व्यास वहीत तिथल्या तिथे लिहा. शेंगा वेगळ्या पिशवीत, पण प्रत्येक शेंगेला त्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधून. झाडाखाली पडलेली शेंग शेजारच्या दुसऱ्या जातीची असू शकते. वर तशाच शेंगा लटकलेल्या दिसल्या नाहीत तर चिठ्ठीवर 'जमिनीवरून' असं स्पष्ट लिहायचं.

आता वितरण. आग्नेय नायजेरियापासून कॅमेरून, गॅबन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, काँगो प्रजासत्ताक आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्येला इतुरीच्या जंगलापर्यंत हे झाड पसरलेलं आहे. घाना, टोगो, बेनिनच्या पट्ट्यात वर्षावनाचा सलग पट्टा तुटतो आणि सव्हाना थेट किनाऱ्यापर्यंत येते. याला डहोमी खिंड म्हणतात. लिंबाली या खिंडीच्या पूर्वेलाच आहे. पश्चिमेला, सिएरा लिओनपासून घानापर्यंत, त्याच प्रजातीतल्या गिल्बर्टिओडेंड्रॉन लिंबा, गिल्बर्टिओडेंड्रॉन स्प्लेंडिडम अशा जाती आहेत. तेव्हा लायबेरियातल्या ठिपक्याचा पहिला संशय चुकीच्या ओळखीवर धरा. व्यापारातलं 'लिंबाली' आणि जातीचं नाव 'लिंबा' यांतल्या साम्यानेही घोटाळे होतात.

या झाडाचं खरं वैशिष्ट्य किती देशांत सापडतं यात नाही. जिथे आहे तिथे ते कसं आहे, हे पाहण्यासारखं आहे. उष्णकटिबंधीय वर्षावन म्हटलं की एका हेक्टरमध्ये शेकडो जाती हे चित्र आपल्या मनात असतं. लिंबालीच्या रानात मात्र वरच्या छताचा ६० टक्क्यांहून जास्त भाग, काही ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत, या एकाच झाडाचा असतो. आणि लगेच शेजारी मिश्र जंगल, सीमा बऱ्याचदा काही पावलांत ओलांडता येईल इतकी स्पष्ट. इतुरीत एपुलूजवळ लेंडा इथे असं एकजिनसी रान आणि एडोरो इथे मिश्र रान, अशा दोन्ही ठिकाणी १०-१० हेक्टरचे कायमस्वरूपी अभ्यासपट्टे १९९० च्या दशकात आखले गेले. हे ओकापी वन्यजीव अभयारण्याचं क्षेत्र, १९९६ पासून जागतिक वारसा. इतुरीत या झाडाला म्बाऊ म्हणतात, आणि त्याच्या बिया तिथले वनवासी शिजवून खातात. हत्ती, गोरिला, रानडुकरंही बियांवर तुटून पडतात.

जमिनीत काही खास फरक असेल म्हणून असं होतं, हा सोपा अंदाज मोजमापात टिकला नाही. दोन्ही रानांखालची माती बऱ्याच ठिकाणी सारखीच निघाली. कारणं झाडाच्या स्वभावात आहेत आणि ती एकमेकांना बळ देतात. बी मोठं, साठा भरपूर, त्यामुळे रोप दाट सावलीत वर्षानुवर्षं तग धरतं. छत इतकं दाट की प्रकाश मागणाऱ्या जाती खाली उगवतच नाहीत. जाड पानं हळू कुजतात, पाचोळ्याचा थर साचतो. छोट्या बीचं मूळ त्यातून मातीपर्यंत पोचत नाही, मोठ्या बीचं पोचतं. मुळांवर एक्टोमायकोरायझा या प्रकारची बुरशी असते आणि अन्नघटक मिळवण्यात तिची मदत होते. आपल्या साल वृक्षाच्या मुळांवरही हीच व्यवस्था असते, आणि सालही मध्य भारतात सलग रानं करतो. पण बुरशी हे एकमेव कारण मानू नका: युगांडातल्या सायनोमेट्रा अलेक्झांड्री या दुसऱ्या डेटारिऑइडी वृक्षाचीही एकजिनसी रानं आहेत आणि त्याची बुरशी वेगळ्या प्रकारची.

नकाशासाठी या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बीचा प्रसार. वाळलेली शेंग फट्‌कन फुटते आणि बी काही मीटरवर पडतं. पक्षी ते लांब नेत नाहीत, वाऱ्यावर ते उडत नाही. रान कडेकडेने, पिढीमागून पिढी, सावकाश सरकतं. काँगो प्रजासत्ताकाच्या उत्तरेतल्या परागकणांच्या अभ्यासात लिंबालीचं एक रान गेली २,७०० वर्षं, मधल्या कोरड्या काळांसकट, जागेवर टिकून असल्याचं दिसलं. म्हणजे एखाद्या ठिकाणी हे झाड नाही याचा अर्थ हवामान अनुकूल नाही असा होत नाही. ते तिथवर पोचलंच नसेल. वितरण-क्षेत्राच्या कडेच्या भागांत हे बहुधा ओढ्या-नद्यांच्या काठाने आढळतं, तर इतुरीसारख्या गाभ्यात पठारावरही पसरतं.

म्हणून मॅक्सेंटसारखं हवामानावर चालणारं प्रारूप वापरणार असाल तर जपून. ते लायबेरिया आणि कोत दिव्हारचा पट्टा सहज हिरवा रंगवेल, कारण तिथला पाऊस आणि तापमान जुळतं. प्रारूपाचं क्षेत्र डहोमी खिंडीच्या पूर्वेपुरतं मर्यादित करा, आणि निकालाला 'अनुकूल हवामान' म्हणा, 'वितरण' म्हणू नका.

आता नोंदी साफ करण्याचं काम. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. जीबीआयएफ या जैवविविधता-नोंदींच्या जागतिक ऑनलाइन भांडारावरून उतरवताना गिल्बर्टिओडेंड्रॉन आणि मॅक्रोलोबियम ही दोन्ही नावं शोधा. मग संग्राहकाचं नाव, त्याचा क्रमांक आणि तारीख या तिन्हींवर नोंदी लावून घ्या. एकाच फांदीचे तुकडे मेझे, पॅरिस, क्यू आणि वागेनिंगेन (हा संग्रह आता लायडेनला आहे) अशा अनेक हर्बेरियममध्ये वाटलेले असतात, आणि एका ठिकाणी ओळख सुधारलेली असते तर दुसऱ्या ठिकाणी १९५० ची जुनी पट्टी तशीच. एकाच क्रमांकाला दोन नावं दिसली की सर्वांत अलीकडची, आणि या गटावर काम केलेल्या तज्ज्ञाची ओळख धरा. मग ती सगळ्या प्रतींना लावा. यातून नोंदी बऱ्याच कमी होतात. त्याने घाबरू नका.

समुद्रातले ठिपके. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे मिळतात ती जागा गिनीच्या आखातात आहे. रिकाम्या रकान्यांचं कुठेतरी शून्य झालं की तिथे ठिपके जमतात. ते सरळ काढून टाका. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली असेल तर ठिपका भलत्याच देशात जातो, पण ती उलटून दुरुस्त करता येते. विषुववृत्तावरच्या देशांत आणखी एक सापळा असतो: गॅबन आणि दोन्ही काँगो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे दक्षिणेचं ऋण चिन्ह राहिलं तरी ठिपका जमिनीवर, त्याच देशात, जंगलातच पडतो आणि कुणाला शंकाही येत नाही. गावाचं नाव आणि ठिपका जुळतो का हे एकेक करून पाहण्याला पर्याय नाही.

अंश-मिनिटांचं दशांशात रूपांतर करतानाची चूक तर फारच नित्याची. १ अंश २४ मिनिटं म्हणजे १.४०, पण कुणीतरी सरळ १.२४ टंकलेलं असतं. फरक ०.१६ अंशाचा, म्हणजे जवळपास १८ किलोमीटर. एखाद्या संग्राहकाच्या सगळ्या नोंदींत दशांशाचा भाग कधीच ०.५९ च्या पुढे जात नसेल तर हीच चूक झाली असं समजा. जुन्या फ्रेंच नकाशांवर रेखांश ग्रीनिचऐवजी पॅरिसपासून मोजलेले असू शकतात. पॅरिसची मध्यान्हरेषा सुमारे २ अंश २० मिनिटं पूर्वेला आहे. एखादा जुना ठिपका गावापासून पश्चिमेला बरोबर तेवढाच, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २६० किलोमीटर, सरकलेला दिसला तर हे तपासा.

जुन्या चिठ्ठ्यांवरची स्थलनामं बदललेली आहेत. लिओपोल्डव्हिल म्हणजे किन्शासा, स्टॅनलीव्हिल म्हणजे किसांगानी, कोकिलातव्हिल म्हणजे म्बांडाका. १९७१ ते १९९७ या काळात 'झाइर' लिहिलेलं असेल तर ते आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक. ऊबांगी-शारी म्हणजे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. नुसतं 'काँगो' लिहिलेलं असेल तर चिठ्ठीवरची भाषा, संस्था आणि संग्राहक पाहून ठरवावं लागतं. 'अंगोला' असेल तर ती नोंद कॅबिंडा या तुटक तुकड्यातली आहे का ते पाहा. देशाच्या मध्यबिंदूवर टाकलेला ठिपका दूर दक्षिणेला, या झाडाला अशक्य अशा भागात पडतो. म्बांडाकाजवळचं एआला, कॅमेरूनमधलं लिंबे अशा वनस्पतिउद्यानांतले नमुने लावलेल्या झाडांचे असू शकतात. 'लागवड' असा शेरा असलेली नोंद नैसर्गिक वितरणात धरू नका.

लाकूडतोडीच्या परवाना-क्षेत्रांतल्या गणनांमध्ये लिंबालीच्या प्रचंड नोंदी असतात, आणि मोह होतो. पण तिथे ओळख सालीवरून, व्यापारी नावाने होते आणि एकाच व्यापारी नावाखाली प्रजातीतल्या दोन-तीन जाती मोजल्या जाऊ शकतात. या नोंदी फेकू नका, पण हर्बेरियमच्या नोंदींत मिसळूही नका. नकाशावर तपासलेल्या नमुन्यांसाठी भरीव ठिपका आणि गणनेच्या नोंदींसाठी पोकळ ठिपका ठेवा. एखाद्या भागात फक्त पोकळ ठिपके असतील तर पुढच्या मोहिमेची जागा तीच.

उलट बाजूही लक्षात ठेवा. जुने संग्राहक रस्ते, नद्या आणि संशोधन केंद्रांच्या आसपास फिरले. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या यांगांबी या संशोधन केंद्राभोवती ठिपक्यांची गर्दी आणि काँगो खोऱ्याच्या मध्यभागी मोठी पोकळी दिसते, ती बऱ्याच अंशी माणसांच्या वाटांची आहे, झाडांची नव्हे. पोकळीबद्दल बोलण्याआधी त्याच चौकटीत याच उपकुलातल्या इतर झाडांचे किती नमुने आहेत ते मोजा. तेही शून्य असतील तर तुमच्या झाडाच्या गैरहजेरीला काही अर्थ नाही.

शेवटी आययूसीएनच्या (जाती किती धोक्यात आहे ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) निकषांसाठी क्षेत्र मोजायचं असेल तर क्यूच्या जिओकॅट या ऑनलाइन साधनात फक्त भरीव ठिपके टाका आणि व्याप्त क्षेत्रासाठी (झाड प्रत्यक्ष असलेल्या चौकटींची बेरीज) २ बाय २ किलोमीटरची चौकट ठेवा. या झाडाचं विस्तारक्षेत्र (सगळ्या ठिपक्यांना बाहेरून वेढणारं क्षेत्र) धोक्यात ठरवण्याच्या २०,००० चौरस किलोमीटरच्या उंबरठ्यापेक्षा कितीतरी मोठं येईल. व्याप्त क्षेत्र मात्र त्याच्या २,००० चौरस किलोमीटरच्या उंबरठ्याखाली दिसू शकतं, कारण एका ठिपक्याला फक्त ४ चौरस किलोमीटर मिळतात आणि ठिपके थोडे आहेत. त्या आकड्यावरून झाडाला संकटग्रस्त ठरवू नका. अहवालात तो द्याच, पण किती नमुन्यांवरून काढला ते त्याच ओळीत लिहा.